घरचा प्रिंटर बिनतारी कसा जोडावा?



उद्या सकाळी घटक चाचणी आहे. प्रश्नपत्रिका मोबाइलवर येऊन पडली आहे. शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला प्रिंटर टेबलावर उभा आहे. कागद आहे, शाई आहे, वीजही आहे. तरी गुरुजी मोटारसायकल काढून तालुक्याच्या गावी निघाले आहेत. का? तर म्हणे, "प्रिंटर लागतच नाही!" लाखांदूरकडचे असोत, मोहाडीकडचे असोत की साकोलीकडचे, आपल्यापैकी पुष्कळांवर हा प्रसंग आला असेल.

यात नुकसान किती होते पाहा. अर्धा दिवस जातो, पेट्रोल जाते, वर्ग बिनगुरुजींचा राहतो. घरच्या कामाचे तर आणखी निराळे. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा असले कागद छापण्यासाठी आपण ते अनोळखी माणसाच्या मोबाइलवर पाठवतो. छापून झाल्यावर ते तिथून पुसले गेले की नाही, हे कोण पाहतो? म्हणून घरचा किंवा शाळेचा प्रिंटर आपल्या हाताने चालू करता येणे ही गरजेची गोष्ट आहे. आज ती आपण नीट समजून घेऊ. समजून घेतले की पाठ करावे लागत नाही.

प्रथम बिनतारी म्हणजे काय ते पाहू. तुम्हांआम्हांला बिनतारी नवी नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडची माणसे बिनतारी लहरींवर बाजारभाव आणि भजने ऐकत आली आहेत. नागपूर केंद्राची ओळख असलेली मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची. म्हणजे सेकंदाला ५ लाख ८५ हजार हेलकावे. अशा एका लहरीची लांबी भरते सुमारे ५१२ मीटर, अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक! एवढी लांब लहर टेकड्या, झाडे, घरे यांना वळसा घालून जमिनीलगत दूरवर जाते. भंडारा तर नागपूरपासून साठेक किलोमीटरवर.

प्रिंटर जोडायचा तो वाय-फायच्या लहरींवर. त्या सेकंदाला सुमारे २४० कोटी हेलकावे घेतात आणि त्यांची लांबी असते साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. शिवाय रेडिओ केंद्राची शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात, तर घरच्या राउटरमधून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी शक्ती वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग ती लहर दोन फुटी मातीच्या भिंतीपलीकडे जाताना दमते, यात नवल ते काय?

आखूड लहरींचे हे शास्त्र आपल्या देशालाही नवे नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात लोकांसमोर प्रयोग करून, तार न जोडता, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या लहरी तर वाय-फायच्या लहरींपेक्षाही आखूड होत्या. पुढे १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने निरनिराळ्या बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. दोन यंत्रे एकाच वेळी बोलू लागली तर गोंधळ होतो. अशा वेळी दोघांनी थांबावे, थोडे मागेपुढे होऊन पुन्हा बोलावे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. वाय-फायची यंत्रे त्याच धर्तीवर चालतात. आधी ऐकायचे, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे. आपल्या ग्रामसभेनेही घ्यावी अशीच ही शिस्त आहे! वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले आणि "वाय-फाय" हे नाव १९९९ साली रूढ झाले. एके काळी घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. वाय-फायच्या या लहरींचा कमी शक्तीचा वापर आपल्या देशात २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणूनच राउटर आणून थेट खुंटीला टांगता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. हा घोटाळा जवळजवळ सगळ्यांच्या मनात असतो, आणि अर्धी अडचण तिथूनच सुरू होते. असे समजा, की तुमचे घर हे एक गाव आहे. गावातल्या गावात रस्ते आहेत, आणि गावाबाहेर नागपूरकडे जाणारा हमरस्ता आहे. राउटर म्हणजे गावचा चौक. संगणक, मोबाइल, प्रिंटर ही घरे त्या चौकाला गल्लीने जोडलेली आहेत. या गल्ल्या म्हणजे वाय-फाय. चौकातून बाहेर जाणारा हमरस्ता म्हणजे इंटरनेट. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, रस्ते बंद पडले. परंतु ज्या गावात पाणी नव्हते, तिथे एका घरून दुसऱ्या घरी जायला कोणाची आडकाठी होती? तसेच येथे. इंटरनेट बंद असले तरी राउटरला वीज असेपर्यंत मोबाइलमधला कागद प्रिंटरवर छापता येतो. मात्र दोन्ही यंत्रे एकाच चौकाला जोडलेली हवीत. हे एक वाक्य ध्यानात ठेवा, पुढचे सर्व त्यातून निघते.

अपवाद एवढाच, की काही प्रिंटर पहिल्यांदा चालू करताना कंपनीच्या खात्यात नोंद मागतात, आणि काहींची एखादी सोय इंटरनेटवाचून चालत नाही. प्रिंटर विकत घेतानाच दुकानदाराला विचारावे, "भाऊ, इंटरनेट नसताना हा छापतो का?" हो म्हणाला तर पेटीवर लिहिलेलेही वाचून घ्यावे.

आता कामाला लागू. सुरुवातीला तीन गोष्टी तपासा. पहिली, प्रिंटरवर वाय-फायचे चिन्ह आहे का? एका ठिपक्यावर पंख्यासारख्या दोनतीन कमानी, असे ते चिन्ह असते. ते नसेल तर तो प्रिंटर बहुधा तारेचाच, मग त्याला बिनतारी करण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. दुसरी गोष्ट, आपल्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड. कोणी बदलले नसतील तर राउटरच्या पाठीवर किंवा पोटाखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर ते असतात. पासवर्डात इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे मोजतात. शून्य आणि "ओ", एक आणि "एल" यांत फसगत होते, ती सांभाळा. तिसरी गोष्ट, जागा. पहिल्या जोडणीच्या वेळी प्रिंटर राउटरच्याच खोलीत, आठदहा फुटांवर ठेवा. काम जमले की मग त्याला त्याच्या जागी न्या.

जोडणीच्या तीन रीती आहेत. आपल्या प्रिंटरला जी लागू पडेल ती घ्या.

पहिली रीत पडद्याची. प्रिंटरवर छोटा पडदा असेल तर त्यातल्या यादीत "नेटवर्क" किंवा "वायरलेस सेटअप" असे शब्द सापडतील. ते उघडले की प्रिंटर आसपासच्या जाळ्यांची नावे दाखवतो. त्यातले आपले नाव निवडावे, पासवर्ड भरावा, "ओके" दाबावे. निळा किंवा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की प्रिंटर चौकाला जोडला गेला.

दुसरी रीत बटणाची. अनेक राउटरांवर "डब्ल्यूपीएस" असे लिहिलेले बटण असते. आधी प्रिंटरचे वाय-फायचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचे. किती सेकंद ते पुस्तिकेत दिलेले असते. मग दोन मिनिटांच्या आत राउटरचे बटण दाबायचे. दोघे एकमेकांना ओळखतात आणि पासवर्ड लिहावाच लागत नाही. दोन मिनिटे उलटली तर पुन्हा पहिल्यापासून. काही नव्या राउटरांवर हे बटण नसते, किंवा बंद करून ठेवलेले असते. तिथे ही रीत चालणार नाही.

तिसरी रीत मोबाइलची. स्वस्त प्रिंटरांना पडदा नसतो. त्यांच्यासाठी कंपनी आपले ॲप देते. ते अधिकृत दुकानातूनच, म्हणजे मोबाइलमधल्या ॲपच्या बाजारातूनच घ्यावे, कोणी पाठवलेल्या दुव्यावरून घेऊ नये. प्रिंटर नवा असला की तो थोडा वेळ स्वतःचेच एक छोटे वाय-फाय सुरू करतो. ॲप मोबाइलला त्याला जोडते आणि आपल्या घरच्या वाय-फायचे नाव-पासवर्ड त्याच्या कानात सांगते. या वेळी मोबाइल म्हणतो, "या जाळ्यावर इंटरनेट नाही." घाबरून मागे फिरू नका. नाहीच आहे, आणि लागतही नाही. काही मोबाइल मात्र इंटरनेट नाही असे पाहून आपल्या मनाने दुसरीकडे जातात. म्हणून तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा.

येथवर झाले की प्रिंटर चौकात आला. आता संगणकाला त्याची ओळख करून द्यायची. विंडोज असलेल्या संगणकावर "सेटिंग्ज"मध्ये "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स" उघडा, "ॲड" म्हणा, आणि यादीत प्रिंटरचे नाव दिसले की ते निवडा. मोबाइलवर तर त्याहून सोपे. कागद उघडा, "शेअर" किंवा तीन ठिपक्यांच्या यादीतून "प्रिंट" निवडा आणि वर प्रिंटरचे नाव निवडा. नव्या अँड्रॉइडमध्ये ही सोय बहुधा आधीपासून असते, आयफोनमध्ये ती २०१० पासून आहे. एक चाचणीचा कागद काढून पाहा. निघाला? मग गुळाचा खडा तोंडात टाकायला हरकत नाही!

ज्यांच्या घरी किंवा शाळेत राउटरच नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक, मोबाइललाच चौक बनवणे. यालाच "हॉटस्पॉट" म्हणतात. संगणक आणि प्रिंटर दोघांनाही त्या हॉटस्पॉटला जोडावे. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गीगाहर्ट्झ निवडावे. प्रिंटरला पडदा नसेल तर जोडणीचे ॲप दुसऱ्या मोबाइलवर चालवावे म्हणजे गुंता होत नाही. दुसरी वाट "वाय-फाय डायरेक्ट"ची. तिच्यात प्रिंटर स्वतःच चौक होतो आणि मोबाइल थेट त्याला जोडतो. राउटर नाही, इंटरनेट नाही, तरी छपाई होते. दूरच्या शाळेसाठी ही फार कामाची सोय आहे.

आता अडचणींकडे वळू. "सगळं केलं, तरी प्रिंटर दिसत नाही," अशी तक्रार आली की गोंधळून भराभर बटणे दाबू नका. वैद्य जसा नाडीपासून सुरुवात करतो, तसे क्रमाने पाहा.

प्रथम पाहा, दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यावर आहेत का. राउटर पुष्कळदा दोन नावे दाखवतो, एक साधे आणि एकाच्या शेवटी "५जी" लिहिलेले. हे मोबाइलच्या टॉवरचे ५जी नव्हे, बरं का. ही सुमारे ५०० कोटी हेलकाव्यांची दुसरी वाय-फाय लहर. ती वेगवान, पण भिंतीपुढे अधिकच दुबळी. घरगुती प्रिंटरांपैकी अनेकांना ती कळतच नाही. म्हणून प्रिंटर साध्या नावाला जोडावा. मोबाइल ५जी नावावर असला तरी राउटर एकच असल्यामुळे छपाई बहुधा होते. न झाल्यास मोबाइललाही साध्या नावावर आणावे.

दुसरे, "गेस्ट" नावाचे पाहुण्यांचे जाळे. पाहुण्याला ओसरीत बसवतात, माजघरात नेत नाहीत. तसे या जाळ्यावरच्या यंत्राला इंटरनेट मिळते, पण घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. प्रिंटर किंवा मोबाइल चुकून तिथे जोडला असेल, तर दोघांची भेट होणार नाही.

तिसरे, पत्ता. राउटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. प्रिंटरवरून जाळ्याचा अहवाल छापता येतो, त्यात हा पत्ता असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजा की राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, जोडणी अर्धवट राहिली आहे. आणखी एक गंमत अशी, की वीज जाऊन आली की राउटर कधी कधी पत्ते बदलून वाटतो. संगणक जुन्या पत्त्यावर हाका मारतो आणि प्रिंटर "ऑफलाइन" दिसतो. काल चालणारा प्रिंटर आज का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. शाळेत हे काम एकदा जाणकाराकडून करून घ्यावे.

चौथे, रांग. आधी अडकलेला एखादा कागद पुढच्या सर्वांना अडवून बसतो. संगणकावर छपाईची रांग उघडून जुनी कामे रद्द करावीत. यानेही भागले नाही तर सर्व बंद करून क्रमाने चालू करा. आधी राउटर, दोनतीन मिनिटांनी प्रिंटर, मग संगणक. चौक आधी उघडावा, घरे मागून. आणि वाय-फायचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, तर प्रिंटरला तो कोणी सांगितलेला नसतो. त्याची जोडणी नव्याने करावी लागते.

जागेविषयी दोन शब्द. लहरींना दोन गोष्टींचे वावडे आहे, पाणी आणि धातू. ओलसर भिंत आणि पाण्याची टाकी लहरी शोषून घेतात, लोखंडी कपाट आणि पत्र्याची भिंत त्यांना परतवून लावतात. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. ती भांडी घराची शोभा खरी, पण राउटर भांड्यांच्या मांडणीमागे ठेवू नका. मातीच्या जाड भिंतीच्या घरात राउटर दाराच्या सरळ रेषेत आणि जरा उंचावर ठेवला तर पुष्कळ फरक पडतो. भिंत भेदण्यापेक्षा दारातून जाणे लहरीलाही सोपे!

आता सावधगिरी. वाय-फाय बिनपासवर्डाचे ठेवणे म्हणजे घराला कडी न लावणे. सेटिंगमध्ये "डब्ल्यूपीए-२" किंवा "डब्ल्यूपीए-३" असे कुलूप निवडावे. डब्ल्यूपीएसच्या आठ आकडी पिनमधली कमजोरी २०११ साली उघड झाली आहे. म्हणून बटण वापरा, पण पिनची सोय बंद ठेवा. शाळेचा पासवर्ड फळ्यावर लिहू नये. पालकांना वाय-फाय द्यायचे तर वर सांगितलेले पाहुण्यांचे जाळे द्यावे. प्रिंटरच्या काचेवर विसरलेले आधारकार्ड आणि टोपलीत टाकलेली चुकीची प्रत, या दोन वाटांनीही माहिती बाहेर जाते. चुकलेली प्रत फाडून टाकावी. प्रिंटर विकताना किंवा दुरुस्तीला देताना "रिसेट" करावा, कारण आपला पासवर्ड त्याच्या पोटात असतो.

आपल्याकडे पावसाळा धानाला मानवतो, कागदाला मानवत नाही. दमट कागद एकमेकांना चिकटून प्रिंटरमध्ये अडकतो. म्हणून कागदाचे बंडल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावे, लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घालावेत. शाईचा प्रिंटर वीज थोडी खातो, तो आणि राउटर साध्या इन्व्हर्टरवर चालू शकतात. लेझर प्रिंटर मात्र भुकटी वितळवण्यासाठी एकदम बरीच वीज ओढतो, त्याला लहान इन्व्हर्टरवर लावू नये. शाईचा प्रिंटर उन्हाळ्याच्या सुटीत महिनोन्महिने बंद ठेवला तर शाई तोंडाशी सुकते. आठवड्यातून एखादा रंगीत कागद काढावा.

शेवटी शिक्षक मित्रांना एक विनंती. हे काम एकट्याने, दार लावून करू नका. पाचवी-सातवीच्या चार मुलांना आणि मुलींना भोवती बसवा. एकाला राउटर करा, एकाला प्रिंटर, एकाला मोबाइल. चिठ्ठीवर पत्ते लिहून द्या आणि कागद कोणाच्या हातून कसा जातो, ते खेळून दाखवा. गल्ली आणि हमरस्ता यांतला फरक मुलांना पटकन कळेल. घरी जाऊन तीच मुले आईच्या बचतगटाचा हिशेब आणि आजोबांचा सातबारा छापून देतील.

आणि एक करा. एका पुठ्ठ्यावर पाच ओळी लिहा. प्रिंटरचे नाव, त्याचा आकड्यांचा पत्ता, जोडणीची आपण वापरलेली रीत, दुरुस्तीचा क्रम आणि शेवटची शाई भरल्याची तारीख. पासवर्ड तेवढा त्यावर नको, तो मुख्याध्यापकांच्या वहीत असू द्या. हा पुठ्ठा प्रिंटरशेजारी टांगा. उद्या गुरुजींची बदली झाली, तरी शाळेचा प्रिंटर मुका होणार नाही, आणि चाचणीच्या आदल्या रात्री कोणाला मोटारसायकल काढावी लागणार नाही.